ओठ न दिसणारी बाई

अशा संगीताला ट्रिप-हॉप म्हणतात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत मी स्टेशनजवळून आणलेली कॅसेट लावली होती. परदेशातली जोडी होती. तो संथ, जड ठोका धरायचा आणि ती विहिरीतून आवाज यावा तशी गायची.

वडील लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर कामाला होते. तिथल्या खडखडाटात कानांचा उपयोग नसतो. कारागीर एकमेकांचे ओठ बघून बोलणं समजून घेतात.

वडिलांनी बराच वेळ टेपला कान लावला, मग कव्हर मागितलं. आता ह्यांना बाई दिसायला कशी आहे ते बघायचंय, म्हणून मी चिडलो. फोटोत तिचा निम्मा चेहरा केसांनी झाकलेला होता.

"तिना व्हट दिखतस नही," ते म्हणाले, "मंग ती काय म्हनी ऱ्हायनी, कसं समजी?"