सरांच्या नावाखाली टांगलेली चौतीस चित्रे

दिनांक ११ जुलै २०२३ रोजी सकाळी साडेदहा वाजता शाळेच्या तळमजल्यावरील लांब मार्गिकेत दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या स्मृतिदालनाचे उद्घाटन झाले. चौतीस चित्रे, प्रत्येकाला काच आणि काळी चौकट, प्रत्येकाखाली पितळी पट्टी आणि प्रत्येक पट्टीवर सरांचे नाव. या चौतिसांपैकी एकही चित्र सरांचे नाही. ही गोष्ट शाळेला त्याच दिवशी तोंडी आणि पुढे तीन वेळा लेखी कळवण्यात आली. आजतागायत एकही पट्टी हललेली नाही.

उद्घाटनाला सरांची लेक पहिल्या रांगेत होती. औषधांच्या दुकानात वीस वर्षे बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचून तिची नजर तयार झालेली. पाहुण्यांच्या मागोमाग चालताना तिसऱ्या चित्रापाशी तिचे पाय थबकले. स्टुलावर बसल्या बसल्या झोपी गेलेला पहारेकरी, एक चप्पल पायात, एक जमिनीवर. हे चित्र सातवीत तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने काढले होते, तिच्या डोळ्यांदेखत. चप्पल जमेना म्हणून मैत्रीण रडलीही होती.

"काय निरीक्षण आहे! केवढी साधना असेल सरांची!" पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. ती चित्रे शाळेला नेऊन देणारी लेक स्वतःच होती.

सर गेल्यावर त्यांच्या पलंगाखालून पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या फायली निघाल्या. नाडीची गाठ सरांच्या हातची. ती सोडवण्याचा धीर तिला झाला नाही. सरांची चित्रे द्या, असा शाळेचा निरोप आला तेव्हा तिने त्या बांधलेल्याच पोचत्या केल्या. आईने नंतर कपाळाला हात लावला. "अगं, उघडून तरी बघायचंस! पोरांची चित्रं होती ती. वर्ष संपलं की टाकून जायची, हे उचलून आणायचे. म्हणायचे, उद्या कुणी मागायला आलं तर?"

पातळ कागदावर मागे शाईने नाव लिहिले की ते पुढे उमटते. म्हणून सर मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त क्रमांक टाकत, आणि त्या क्रमांकापुढचे नाव, पत्ता, इयत्ता, वर्ष एका वहीत लिहून ठेवत. वही घरी राहिली. फायली शाळेत गेल्या. शाळेने कागद पाहिले, क्रमांकही पाहिले असतील, आणि सरांच्या घरून आलेले ते सरांचेच, असे ठरवून ती मोकळी झाली. एकतीस वर्षे ज्या माणसाचा तास "जरा घेतो हं, माझा धडा मागे पडलाय" म्हणत कुणीही उचलून नेई, त्याचे काम निरखून पाहण्याची सवय त्या इमारतीला नव्हतीच.

सर मुलांच्या कागदाला कधी हात लावत नसत. बाकाशी येऊन उभे राहत, विचारत, "या झाडाला वारा कुठल्या बाजूने येतोय?" "ही खुर्ची कुणाच्या वजनाने खचलीये?" अगदीच अडले तर खिशातून तळहाताएवढा कागद काढून त्यावर चार रेघा मारून दाखवत आणि मुलाने पाहिला न पाहिला तोच तो फाडून पुन्हा खिशात टाकत. शिक्षकांच्या खोलीत त्यांना ‘बिनहाताचे सर’ म्हणत. सर हसत. घरी मात्र कपडे धुताना आईचा संताप व्हायचा. "तुमच्या खिशात उंदीर पाळलाय का हो? सगळा पाण्यात लगदा!" सरांनी आयुष्यभर काढलेली चित्रे ती एवढीच, आणि ती मोरीतून वाहून गेली. आईची रुग्णालयात सकाळची पाळी असे तेव्हा ते लेकीच्या दोन वेण्या घालत, दोन्ही कानांपासून बरोबर सारख्या अंतरावर. मुलांचे गणवेश इस्त्री करत. स्वतःसाठी कॅनव्हास त्यांनी घरात कधी आणला नाही.

लेक त्याच दुपारी मुख्याध्यापिकांकडे वही घेऊन गेली.

"अहो ताई, लोक त्या भिंतीपुढे उभे राहून रडतात. रडू दे की."

"रडू दे. पण कुणाच्या चित्रापुढे रडतात ते तरी कळू दे."

"सरांचेच विद्यार्थी ना? म्हणजे एका अर्थाने सरांचंच काम."

"मॅडम, त्या एका अर्थापासूनच बाबा जन्मभर लांब राहिले."

"मग असं करा, सरांनी स्वतः काढलेलं एक चित्र आणा. आजच्या आज बदलते."

लेकीने वही मिटली. आणणार कुठून? घरी फोनवर भाऊ भडकला. उद्घाटनाचे फोटो त्याने परदेशापर्यंत सगळ्यांना पाठवले होते. "कधी नव्हे ते बाबा भिंतीवर चढले, तर तू त्यांना उतरवायला निघालीस! बाबांनी तीस वर्षांत एक चित्र काढलं नाही, हे जगाला सांगून काय मिळणार तुला?"

वही कपाटात ठेवून द्यावी, असे तिला वाटले. दुसऱ्या दिवशी तिने ती ठेवूनही दिली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता आईने तोंड उघडले.

सरांच्या नोकरीचे दुसरे वर्ष. आठवीतल्या एका मुलीने आजोबांचे चित्र काढले होते. स्पर्धेला पाठवण्याआधी सरांनी त्यातला एक हात, फक्त एक हात, स्वतः दुरुस्त केला. पहिले बक्षीस मिळाले. समारंभात ती मुलगी चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "सर, हा हात माझ्या आजोबांचा नाहीये." त्यानंतर तिने रंगपेटी उघडली नाही. सर दोनदा तिच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा तिने चहा आणून दिला आणि आत निघून गेली.

"मग स्वतःची चित्रं का नाही काढली त्यांनी?" लेकीने विचारले.

"वेळ नाही म्हणायचे. खरं काय, मी कधी विचारलं नाही." आईने देठ बाजूला सारले. "पण एका हातापायी ज्यानं एवढं सोसलं, त्याच्या नावावर चौतीस चित्रं टांगलीत. दादाला म्हणावं, माझ्याशी बोल."

दादा अजून बोललेला नाही. लेकीने कपाटातून वही काढली, चौतीस नावे उतरवून यादी शाळेला दिली, मागोमाग दोन स्मरणपत्रेही. उत्तर आले ते असे: चौकटी मागून बंद असल्याने क्रमांक पडताळता येत नाहीत, घरगुती वही हा पुरावा नव्हे, मूळ चित्रकार स्वतः लेखी पुढे आल्यास विचार करण्यात येईल. वहीतले पत्ते जुने आहेत. तिने पाठवलेल्या पत्रांपैकी एकोणीस परत आली आहेत. पहारेकऱ्याचे चित्र काढणारी मैत्रीण कुठे आहे, हेही कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा वाचकहो, १९८४ ते २०१५ या काळात आपण या सरांच्या हाताखाली शिकला असाल, तर शाळेच्या वेळेत तळमजल्यावर जा आणि चौतीसही चित्रे नीट पाहा. एखादे आपले निघाले, तर आपले नाव, इयत्ता आणि वर्ष लिहून पट्टी बदलण्याची मागणी करा. दुसऱ्या कुणाचे ओळखले, तर त्याला कळवा. अर्ज कार्यालयात द्या, आणि सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.