कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्याला कावळा शिवेना, म्हणून मला कॅरिबियनला जायचे आहे. हे याहून सरळ लिहिता येत नाही.

माझी पत्नी माघात गेली. साधा ताप होता, तो छातीत उतरला. शहापूरहून ठाण्याच्या इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्यावरूनच उशीर झाल्याचे कळले. दहावा सापगावला नदीकाठी केला. पिंड मांडून झाले आणि रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे भरपूर होते. काही पुलाच्या कठड्यावर होते, काही समोरच्या बाभळीवर. एकही खाली येईना.

अशा वेळी गेलेल्या माणसाची काही इच्छा अडकली आहे असे मानतात. मग नातलग एकेक करून पुढे होतात आणि शब्द देतात. तिची चुलतबहीण म्हणाली, "तुझ्या तुळशीला पाणी घालू गो." कावळे बसून. तिची भावजय म्हणाली, "दाजींच्या जेवणाखाण्याची काळजी नको करू." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. ऊन वाढत होते. गुरुजी शेवटचा उपाय म्हणून दर्भाचा कावळा वळायला लागले होते.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ पुढे झाला. मुरबाडजवळच्या गावात त्याची भातशेती आहे. त्याने हात जोडले आणि पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "ताय, ऐक. दाजी जातील पोराकडं. तू ठरवलं व्हतंस ना, त्या समुद्रावर? तिथंच जातील. नाय गेले तर मी धाडीन. माझा शब्द हाय."

कावळा उतरला. मधल्या पिंडाला चोच लावली आणि भाताची शिते घेऊन गेला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला कोणी काही विचारले नव्हते.

या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी नोकरीभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो. भुकेला पक्षी कधी ना कधी खाली येतोच, एवढे कळण्यापुरते वाचन माझे झाले आहे. पण तो नेमका त्या वाक्यावर आला, आणि काठावरच्या सगळ्यांनी तो पाहिला.

आमचा एकुलता मुलगा त्या समुद्राकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये आचारी आहे. हॉटेलचे शिक्षण, मग दोन वेगवेगळ्या जहाजांवर नोकरी, मग तिकडे. त्याची आई गेली तेव्हा त्याच्या कामाच्या परवान्याचे कागद कचेरीत अडकले होते. तो निघू शकला नाही.

सहलीची कल्पना तिची होती. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मंदीच्या दिवसांत तिथे स्वस्तात राहता येते, हे त्याच्याकडून कळल्यापासून तिने आखणी सुरू केली होती. त्याची पाळी सुटायची तेव्हा इकडे सकाळ असायची. ती एका हाताने चहा ढवळत त्याच्याशी बोलायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून वाचत असायचो. तिची आखणी मी तशी ऐकली, अर्धवट.

"तिथं गाऊन घालून पाण्यात उतरू देतात ना रे?"

"आई, इथं लोक काय घालून उतरतात ते तू बघितलंस तर..."

"मी नाय बघणार. आणि तुझ्या बाबांना तर मुळीच नाय बघू देणार. ते पुस्तक घेऊन बसतील."

जायचे ते भाद्रपदात, असे तिने ठरवले होते. आम्ही शहापुरात राहत असलो तरी तिचे वर्ष माहेरच्या भातावर चालायचे. लावणीला ती दरवर्षी भावाकडे जायची. लावणी उरकली, गौरी-गणपती झाले, की कापणीपर्यंत हात मोकळे. त्या मोकळ्या दिवसांत तिने समुद्र बसवला होता. मागच्या लावणीला जाण्याआधी बाजारातून एक गवताची रुंद टोपीही आणली, आणि टिकते का बघायला तीच घालून चिखलात उतरली. टोपी टिकली नाही.

ती गेल्यावर हे सगळे आपोआप थांबेल असे मला वाटले होते. पण नदीकाठचा शब्द गावभर झाला. भाजीवाली मेथी तोलता तोलता विचारायची, "काका, कधी जाताय समुद्रावर?" एक जुने सहकारी एस.टी. स्टँडवर भेटले. म्हणाले, "लवकर उरका. नाहीतर तो कावळा चौकशीला घरी येईल." मी सगळ्यांना "बघू" म्हणायचो. मला प्रवास आवडत नाही. समुद्राविषयी वाचायला आवडते, म्हणून तेवढे केले. नकाशा काढून तो किनारा शोधला. तिथली वाळू इतकी पांढरी का, हेही वाचले.

वैशाखात मेहुणा मुरबाडहून एस.टी.ने आला. पिशवीत आंबे होते. पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, "तिकीट काढलं का?"

"नाही."

"मंग मी कावळ्याला काय सांगू?"

"कुठल्या कावळ्याला?"

"सगळे एकसारखेच दिसतात, दाजी. मुरबाडात एखादा काव काव करत आला तरी मला वाटतं, ह्योच तो. इचारायला आलाय."

तो पंख्याखाली बसला. ते गाव नक्की कुठे, असे त्याने विचारले. मी नकाशा दाखवला.

"म्हंजे क्रिकेटवालं वेस्ट इंडिज?"

"त्याच समुद्रावर. थोडं बाजूला."

"आनि करायचं काय तिथं?"

"लोक वाळूवर पडून राहतात." मग काहीतरी बोलायचे म्हणून मी त्याला वाळूचे सांगितले. तिथले काही मासे पोवळ्याचे खडक कुरतडून खातात, आणि त्यांच्या पोटातून पीठ होऊन जे बाहेर पडते त्याची बरीचशी ती पांढरी वाळू.

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजे माशाच्या शेणावर झोपायला लोक पैसं देतात?"

मी हसलो. माघानंतर बहुधा पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला तेव्हा मेहुणा घरीच होता. फोन त्यानेच घेतला. "भाच्या, ठरलं. ताय म्हणत व्हती तसंच. गणपती उठले की दाजी निघाले. भात कापायला आलं की परत."

मग मुलगा म्हणाला, "मामा, भाद्रपद म्हणजे सप्टेंबर. तेव्हा इथं वादळांचे दिवस असतात. दरवर्षी येतंच असं नाही, पण येतं. म्हणून तर हॉटेल रिकामं असतं आणि मला सुट्टी मिळते."

"आयला! आमचे हात रिकामे तवाच तुमच्याकडं वादळ?"

"आईला सांगितलं होतं मी."

मी स्टुलावरून उठलो. "काय म्हणाली?"

"म्हणाली, पाऊसच ना रे? आपण काय मिठाचे आहोत?"

हे मी ऐकले नव्हते. त्या दिवशी पुस्तकात जास्त बुडालो असेन.

मुलाने दुसरा पर्याय सांगितला. मार्गशीर्षापासून पुढे हवा स्वच्छ, समुद्र शांत. मात्र तेव्हा रिसॉर्ट भरलेले असते. घरच्यांची सवलत नसते, आणि तो स्वतः पहाटेपासून रात्रीपर्यंत किचनमध्ये. मला तो जाता-येता दिसेल, एवढेच.

मेहुण्याने तिथल्या तिथे निकाल दिला. "थंडीतच जा, दाजी. माझा शब्द पोचवायचा हाय, माणूस बुडवायचा नाय." शेजारच्या काकूही आल्या होत्या. त्यांनी वेगळा मुद्दा काढला: गणपतीनंतर पितृपक्ष लागतो, त्यात का कोणी लांबचा प्रवास करते? मेहुण्याने मान डोलावली. वादळाच्या जोडीला त्याला ते कारण बरेच वाटले. भात कापून, झोडून घरात आले, की तो मला स्वतः विमानतळावर सोडणार होता.

मी हो म्हणालो. पुढे ढकललेली गोष्ट मला बरी वाटते. थंडी आली की सवलत नसल्याचे निमित्त होते, मग पुढचे वर्ष, मग गुडघे. मेहुणा आंब्याची रिकामी पिशवी घडी करून निघून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मुलाने पुन्हा फोन केला. आमचे फोन छोटे असतात. जेवलात का, औषध घेतलं का, तिकडे ऊन कसं आहे. आधी ही सगळी बोलणी ती करायची आणि शेवटी फोन माझ्याकडे वळवून म्हणायची, "बाबा बरे आहेत, बघ." आता मधे कोणी नसल्यामुळे दोघांनाही विषय शोधावे लागतात. त्या दिवशी मी विचारले, "तिकडे कावळे आहेत का रे?" का विचारले ते माहीत नाही. मेहुण्याच्या बोलण्यामुळे असेल.

"नाहीत," तो म्हणाला. "काळे पक्षी आहेत. लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे. पाहुण्यांच्या ताटातलं पळवतात. मॅनेजर त्यांच्यावर सारखा ओरडत असतो."

"बरं."

"बाबा, दहाव्याच्या दिवशी मी किचनच्या मागं भात ठेवला होता. इथं सकाळ होती. इथला तांदूळ लांब दाण्याचा, सुटा होतो. गोळा बसतच नव्हता. शेवटी केळीच्या पानाच्या तुकड्यावर तसाच ठेवला."

मी मांडीवरचे पुस्तक मिटले.

"हात जोडायच्या आत नेला त्यांनी. दोघं-तिघं आले आणि पान उलटंपालटं करून गेले. मला वाटलं होतं थोडा वेळ मिळेल. तिकडं तुम्हाला सगळ्यांना कितीतरी वेळ मिळाला म्हणे. मामा सांगत होता, एकेक जण पुढं येऊन बोलला. मला बोलताच आलं नाही."

"काय बोलायचं होतं?"

त्याच्या मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. कोणीतरी परक्या भाषेत मोठ्याने हसले.

"फोनवर नाही सांगता येत," तो म्हणाला.

काठावर त्या दिवशी मीही काही बोललो नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. माझ्या वाटचे मेहुणा बोलला. मुलाच्या वाटचे बोलायला तिथे कोणीच नव्हते.

"थंडीत तुला सुट्टी नाहीच?"

"नाही. एक दिवससुद्धा नाही."

"मग भाद्रपदातलंच तिकीट काढ."

"बाबा, वादळ..."

"वादळ आलं तर तू कुठे असशील?"

"किचनमध्ये. सगळं बंद होतं तेव्हा सुट्टीवरच्यांनाही बोलावतात. अडकलेल्या लोकांना खायला लागतंच ना."

"तिथे दारात एक स्टूल टाक. मी बसेन."

"स्टाफशिवाय आत कुणाला सोडत नाहीत."

"मी घरीही कधी आत येत नव्हतो. दारातच बसायचो."

तो हसला. हसता हसता त्याचा आवाज बदलला, आणि पाळीचे काहीतरी कारण सांगून त्याने फोन ठेवला. संध्याकाळी तिकिटाची तारीख कळवणारा त्याचा निरोप आला.

मेहुण्याला कळवले तेव्हा त्याने आधी मला वेड्यात काढले, मग काकूंच्या पितृपक्षाची आठवण करून दिली. मी म्हटले, शब्द जिला दिला आहे तिनेच हे दिवस निवडले होते. "ताय आयकत नव्हती, तुमी बी तसेच," एवढे म्हणून त्याने विषय बदलला.

आता श्रावण चालू आहे. लावणी उरकली. दरवर्षी ती जे खाचर लावायची ते या वेळी मेहुण्याने आणि त्याच्या बायकोने लावले. तो रोज सकाळी फोन करून विचारतो, "दाजी, आज तिकडं वारं काय म्हणतं?" मी हवामान बघून सांगतो. कालपर्यंत काही नव्हते. आज त्या समुद्राच्या पूर्वेला बऱ्याच लांब ढगांचा एक गोल दिसत होता. त्याला अजून नाव मिळालेले नाही. मी तेही त्याला सांगितले.

तो म्हणाला, "बघून या. आनि पोराला घ्या जवळ. तेवढंच राहिलंय."

बॅग मी काल भरायला घेतली. दोन पुस्तके ठेवली. मग त्यातले एक काढून ठेवले.