डाळ निवडणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलेला चेंडू

वाल्मीकविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या चार वर्षांच्या कामावर पाणी ओतणारा माणूस मीच. पण जळगावात दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि जे घडलं ते सगळं फक्त मलाच ठाऊक आहे.

वाल्मीक मूळचा साक्रीकडचा. धुळ्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि जळगावात सुगनचंदभाऊंच्या डाळमिलमध्ये लागला. तिथे डाळ निवडायचं यंत्र असतं. वरून डाळ पडदा सोडल्यासारखी खाली पडते, समोर कॅमेरे असतात. काळा दाणा, खडा, डागी दाणा दिसला की बारीक नळीतून हवेची फुंकर बसते आणि तेवढाच दाणा बाहेर उडतो. हे यंत्र बिघडलं की मिल थांबते, म्हणून वाल्मीकचा रुबाब मॅनेजरपेक्षा जास्त. माणूस मात्र अबोल. दिवसभर अंगावर डाळीची पिवळी भुकटी. घरी गेल्यावर बायको वृषाली म्हणे, "आधी झटका, मग आत या. वरणाला फोडणी देऊ का तुमच्या?"

सुगनचंदभाऊ आमच्या टेनिस क्लबचे अध्यक्षही होते. क्लबचे दिवे गेले की ते वाल्मीकला बोलावत. असाच एकदा तो खांबावर चढला असताना खाली दोन वकिलांचं भांडण जुंपलं. चेंडू रेषेवर पडला की बाहेर, यावरून. वीस मिनिटं. वाल्मीक खाली उतरला आणि मला म्हणाला, "नाना, आमचं यंत्र सेकंदाला हजारो दाणे बघतं. हा तर एकच चेंडू, तोही एवढा मोठा."

मी हसलो होतो. माझं हसणं मोठं आहे, लांब जातं.

मी त्या क्लबात कसा, तेही सांगायला हवं. तीस वर्षं मी नाटक कंपनीतून खानदेशभर हिंडलो. अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवत होतो. कंपनी बसली, तेव्हा सुगनचंदभाऊंनी मला क्लबात आणलं. स्पर्धेत नावं पुकारायची आणि बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, टोकाला खुर्ची टाकून बसायचं. चेंडू बाहेर गेला की 'आऊट' म्हणायचं. माझं 'आऊट' ऐकायला लोक येत, असं भाऊ म्हणत. मी ते खरं मानलं होतं.

वाल्मीकने मिलमधल्या मोडीत निघालेल्या यंत्राचे चार कॅमेरे भाऊंकडे मागून घेतले. ठिबकच्या पाइपांचे स्टँड केले. हा कॅमेरा एका वेळी केसाएवढी पट्टी पाहतो, पण सेकंदाला हजारो वेळा पाहतो. रेषेच्या बाहेरच्या कडेवर तो रोखून ठेवायचा, चेंडू कडेपलीकडे टेकला की लाल दिवा लागायचा, अशी ती युक्ती. सांगायला सोपी. करायला चार वर्षं लागली. सावली पडली की दिवा लागे. चिमणी बसली की लागे. एप्रिलच्या उन्हात कॅमेरे तापून बंद पडत, तर त्याने त्यांना ओल्या गोणपाटाच्या टोप्या शिवल्या. सुट्टीच्या दिवशी तो एकटा कोर्टावर उकिडवा बसून चेंडू टाकायचा, उचलायचा, पुन्हा टाकायचा. टीव्हीवर मोठ्या स्पर्धांत रेषेवरची माणसं गेली आणि यंत्रं आली, हे आम्ही सगळेच पाहत होतो. पण तसली यंत्रं आमच्यासारख्या क्लबाला स्वप्नातही परवडणारी नव्हती. वाल्मीकला एवढंच हवं होतं की त्याचं यंत्र एका खऱ्या स्पर्धेत लागावं. भाऊंनी कबूल केलं. मार्चमधल्या जिल्हा स्पर्धेत ते माझ्या शेजारी लावून पाहायचं. निकाल माझाच धरायचा. यंत्र ठीक चाललं तर पुढच्या महिन्यात आमच्याच क्लबात होणाऱ्या राज्य कुमार स्पर्धेत ते बसवायचं.

पहिल्या दिवशी सकाळी दिवा सारखा लागू लागला. रेषेला धडधडीत चिकटलेल्या चेंडूंनाही. खेळाडू वैतागले. वाल्मीक कॅमेरे पुसतोय, तारा हलवतोय. मग त्यालाच कळलं आणि तो चोरट्यासारखा माझ्याकडे आला.

"नाना, मिलची सवय नडली. तिकडे शंका आली की दाणा बाहेर. एखादा चांगला गेला तरी चालतो, खडा राहता कामा नये. मी तेच ठेवलं होतं."

"अरे, इथे उलटं. शंका आली तर चेंडू आत."

"तेच. दुपारपर्यंत बदलतो."

हे त्याने मला विश्वासाने सांगितलं होतं. मी काय केलं? दुपारी नावं पुकारताना माईकवर सांगून टाकलं. "मंडळी, सकाळी आपल्या यंत्राने चेंडूऐवजी तूरडाळ निवडली. काळजी नसावी, डाळ भिजत घातली आहे, यंत्रही भिजत घातलं आहे." लोक लोटपोट हसले. संध्याकाळपर्यंत पोरं त्याला 'डाळवाले काका' म्हणू लागली. दुपारनंतर यंत्र एकदाही चुकलं नाही. पण त्याकडे कुणी पाहिलं नाही. विनोद जास्त सोपा होता.

दुसऱ्या दिवशी मुलींचा अंतिम सामना. अमळनेरची समीक्षा, एसटी कंडक्टरची मुलगी, जळगावच्या आयुषीविरुद्ध. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार. वाल्मीकची आई पार्वताबाई साक्रीहून मुद्दाम आली होती, नव्या लुगड्यात, पहिल्या रांगेत. तिसरा सेट, पाच-पाच. ऊन उतरून थेट माझ्या तोंडावर आलेलं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. मी कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर खुर्ची गेली असती.

समीक्षाने जोरात मारलेला चेंडू माझ्या रेषेवर आला, आणि मला फक्त पांढरं दिसलं. चेंडू दिसला नाही, रेषाही दिसली नाही.

अशा वेळी काय करायचं ते नियमात आहे. रेषेवरच्या माणसाने दोन्ही हात डोळ्यांवर धरायचे. म्हणजे मला दिसलं नाही. मग खुर्चीवरचे पंच ठरवतात. त्यात कमीपणा काहीच नाही, मोठमोठे करतात. पण समोर दोन-तीनशे माणसं. तीस वर्षं ज्याने लोकांसमोर चेहरा मिरवला त्याला तो हातांनी झाकणं जमेना. तोंड आधीच उघडलं होतं. त्यातून 'आऊट' बाहेर पडलं, गच्च भरल्या थिएटरात पडावं तसं.

लाल दिवा लागला नव्हता.

समीक्षा नुसती दिव्याकडे बोट दाखवून उभी राहिली. पंचांनी मला विचारलं, "नाना, नक्की?"

"ह्या डोळ्यांनी पाहिला," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबायचं तर थांबलो नाही. "दिव्याचंच ऐकायचं तर उद्यापासून मला मिलमध्ये पाठवा, मी डाळ निवडतो."

हशा झाला. हसण्यात गुण गेला, पुढचे दोन गेम गेले, सामना गेला. वाल्मीक कॅमेऱ्यांवरच्या टोप्या काढत होता. पार्वताबाईंना खेळातलं काही कळलं नव्हतं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "नाना, तुमना आवाज भारी शे." मी हात जोडले. नाटकात जोडतो तसे.

त्याच आठवड्यात कमिटीने ठरवलं, यंत्र नको.

मी पंधरा दिवस काढले. मग मिलमध्ये गेलो. वाल्मीक यंत्राच्या पोटात डोकं घालून बसला होता. मी म्हणालो, "वाल्मीक, त्या दिवशीचा चेंडू मला दिसलाच नव्हता."

त्याने डोकं बाहेर काढलं. "माहीत आहे."

"कसं?"

हात पुसून तो मला कॉम्प्युटरपाशी घेऊन गेला. यंत्र प्रत्येक चेंडूचं चित्र ठेवत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेलं, जरा ताणलेलं चित्र. पण चेंडू स्पष्ट होता. चांगला दोन बोटं रेषेवर टेकलेला.

"हे कुणाला दाखवलंस?"

"भाऊंना. त्याच संध्याकाळी."

"मग?"

"भाऊ म्हणाले, नानांचं वय झालं. या वयात त्यांना खुर्चीवरून उठवायला नको. यंत्र काय, पुढेमागे बघू."

"आणि तू गप्प बसलास?"

"मी काय बोलणार, नाना? माईक तुमच्याकडे होता."

रागाने नाही म्हणाला. त्याला तसं वाटत होतं, तसं म्हणाला. आयुष्यात मी टोमॅटो खाल्ले, शिट्ट्या खाल्ल्या. पण प्रेक्षकांनी दया करून टाळ्या वाजवल्या आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि त्या टाळ्यांसाठी वाल्मीकची चार वर्षं गेली होती, एका मुलीचा सामना गेला होता.

रविवारी कमिटीची बैठक होती. राज्य स्पर्धेत कोण कुठे बसणार ते ठरणार होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. मोतीबिंदू, ऊन, न झाकलेले डोळे, सगळं. आवाज लागत नव्हता. एकजण म्हणाले, "जाऊ द्या नाना, झालं गेलं." भाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "बसा तुम्ही."

"भाऊ, तुम्ही चित्र पाहिलं होतंत."

भाऊंनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तुमच्या जागी कोण?"

"वाल्मीक. तो, त्याचे कॅमेरे आणि त्याचा दिवा. मी खुर्ची सोडतोय, तुम्ही उठवत नाही आहात."

कॅमेरे परत लागले. राज्य स्पर्धेच्या तीन दिवसांत बेसलाइनवर एकही भांडण झालं नाही. पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षकाने वाल्मीकला तासभर प्रश्न विचारले आणि त्याचा नंबर घेऊन गेला. वाल्मीक उत्तरं देत होता आणि अंगावरची भुकटी झटकत होता, ती नसतानाही.

नावं मात्र मीच पुकारत होतो. शेवटच्या दिवशी आयुषीचं नाव पुकारलं, 'जळगाव जिल्ह्याची विजेती' असं. तेव्हा समोरच्या पायऱ्यांवर समीक्षा बसलेली दिसली. ती नुसती पाहायला आली होती. सामना संपल्यावर मी वाल्मीकला घेऊन तिच्याकडे गेलो. मनात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही म्हणवेना. "चूक माझी होती, बाळ," एवढंच म्हणालो.

तिने विचारलं, "चित्र आहे ना म्हणे?"

वाल्मीकने मोबाइल दिला. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. मग मोबाइल वाल्मीकच्याच हातात ठेवला.

"मला पाठवा हे, काका," ती त्याला म्हणाली. "बाबांना दाखवायचंय. ते अजून म्हणतात, नाना चुकणार नाहीत."

आणि अमळनेरची गाडी गाठायला ती निघून गेली.