दगडावर टेकलेली नजर

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडे, सीमेलगतच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार होतो. माझं गाव लाखनीजवळ. टेहळणीच्या बंकरमध्ये माझ्यासोबत नायक दिलीप रामटेके असायचा. तो कारध्याचा. भंडाऱ्याकडचे आम्ही दोघंच, म्हणून बंकरमध्ये आपली बोली चालायची. बाहेर हिंदी.

काम साधं होतं. रामटेकेकडे दुर्बीण, माझ्याकडे रेडिओ सेट. समोरचा उतार आम्ही पट्ट्यांत वाटून घेतला होता. आधी जवळचा पट्टा, मग मधला, शेवटी लांबचा. नजर उजवीकडून डावीकडे न्यायची, कारण वाचायच्या सवयीनं डावीकडून उजवीकडे ती घसरत जाते. सलग फिरवायची तर नाहीच. एका जागी टेकवायची, पाहायचं, मग उचलून पुढे ठेवायची. या कामात रामटेकेच्या तोडीचा माणूस कंपनीत नव्हता. नव्या जवानांना तो सांगायचा, "आँख घुमाओ मत, रखो."

लान्स नायक बलदेव हिमाचलचा. त्याची आणि रामटेकेची झोपायची जागा शेजारी शेजारी. आमचं ऐकून तो 'काहून गा', म्हणजे 'का रे', म्हणायला शिकला होता आणि एकदा सुभेदार साहेबांनाही तसं म्हणाला होता. साहेबांना कळलं नाही, म्हणून वाचला.

त्या दिवशी दुपारी आकाश स्वच्छ होतं. पोस्टची पाण्याची पाइपलाइन गोठली होती. ती तपासायला बलदेव तीन जवानांना घेऊन खाली उतरला. वाट अरुंद, नाल्याच्या कडेनं जाणारी. समोरच्या उतारावर एक मोठा, मधोमध फुटलेला दगड होता. तिथून ती वाट उघडी दिसते, म्हणून त्या दगडावर आमची नजर कायम असायची.

सेटवर बलदेव बोलला, "चार्ली, चार्ली वन. नाले के पास. ओव्हर."

"चार्ली वन, रुको. देख रहे हैं. ओव्हर."

रामटेके पट्टे पाहत होता. मधेच म्हणाला, "भाऊ, बलदेव पडला."

"लागलं काय त्याले?"

"नाही. घसरला. उठून राहिला."

थोडा वेळ त्यानं दुर्बीण बलदेववरच ठेवली. मग उचलून पुन्हा दगडावर नेली, टेकवली, पाहिलं.

"क्लिअर," तो म्हणाला.

मी सेटवर सांगितलं, "चार्ली वन, सामने क्लिअर. आगे बढ़ो. आउट."

पहिली गोळी बलदेवला मानेजवळ लागली. आमच्या लाइट मशीनगननं लगेच फायर दिला. मागचे जवान आडोशाला गेले, ते वाचले. बलदेवला स्ट्रेचरवरून वर आणलं. हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण वाऱ्यामुळे ते उतरू शकलं नाही. अंधार पडायच्या आत बलदेव गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या जवानांची एक पार्टी समोरच्या उतारावर जाऊन आली. बर्फातल्या खुणा स्पष्ट होत्या. गोळी झाडणारा दगडाच्या मागे नव्हताच. तो दगडाच्या पुढे, उघड्यावर, पांढरं पांघरून बसला होता; काळ्या दगडापुढे तो दिसायलाच हवा होता.

चौकशीत कॅप्टन साहेबांनी विचारलं, "फायर के पहले पत्थर को देखा था?"

"देखा था, सर."

"तो आदमी क्यों नहीं दिखा?"

रामटेके सावधानमध्ये उभा राहिला.

त्याला डोळे तपासायला मिलिटरी हॉस्पिटलला पाठवलं. सोबत मी गेलो. तिथल्या मेजर मॅडमनी तपासून सांगितलं, डोळ्यांत काही दोष नाही. मग समजावलं. डोळा उड्या मारत चालतो. उडी चालू असते तेवढ्यात जवळजवळ काही दिसत नाही, आणि ते आपल्याला कळतही नाही. लक्ष आधी निघतं, डोळा त्याच्या मागून जातो. पण कधी डोळा पुढे पोचतो आणि लक्ष मागेच राहतं. मग डोळ्यासमोरचंही दिसत नाही.

"तुमची नजर दगडावर होती," त्या म्हणाल्या. "लक्ष बहुतेक पडलेल्या सोबत्याकडेच राहिलं. कुणाचंही झालं असतं."

बाहेर आल्यावर रामटेके म्हणाला, "डोळे बरोबर हायेत म्हणते, भाऊ. खराब निघाले असते तर बरं झालं असतं."

चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. पण त्यानंतर त्यानं दुर्बीण धरली नाही. स्टोअरमध्ये ड्यूटी मागून घेतली आणि तिथूनच रिटायर झाला.

आता तो कारध्याला असतो. धान निघालं की मी त्याच्याकडे चक्कर मारतो. यंदा गेलो तेव्हा म्हणाला, "बलदेवच्या बाबूजीचा नंबर भेटला. फोन लावाचा आहे. तू बस."

त्यानं फोन स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. दगडाचं, 'क्लिअर' म्हटल्याचं, मॅडम बोलल्या तेही. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "बेटा, गिरने के बाद वो क्या कर रहा था?"

रामटेके सांगू लागला. बलदेव बसल्या जागी हसला. मागच्यानं हात दिला, तो घेतला नाही. हातमोजा दातात धरून काढला, गुडघ्यावरचा बर्फ झटकला, टोपी सरळ केली. मग उठला.

"और?"

रामटेके खाटेवर ताठ बसला होता. दोन्ही हात मांडीवर.

"बस, बाबूजी," तो म्हणाला. "यहीं तक देखा."