रविवारी टपाल बंद

निवृत्त होणारे लोक शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. माझ्या बायकोचे मामा अख्खं पोस्ट ऑफिस घेऊन आले. असं करणारा माणूस साऱ्या देशात एकच असणार आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यात निघावा, याबद्दल मी बरीच वर्षं नशिबाला दोष देत होतो. कोपरगाव, नेवासा अशा गावांत चौतीस वर्षं पोस्टमास्तरकी करून ते सोनईत, आमच्या घरापासून तीस पावलांवर, राहायला आले. पहिलं वर्षभर त्यांनी अंगणात येरझारा घातल्या आणि मामींच्या भाजी चिरण्यात चुका काढल्या. मग कुठूनसा एक जुना संगणक मिळवला, आणि मामींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या बाजूला इंटरनेटची जोडणी एकच, ती मामांच्या फोनवर. पाच घरांची पत्रं त्या एका जोडणीवर, एकाच पोत्यात भरून यावीत तशी, येत. संगणकातला मेल सर्व्हर नावाचा प्रोग्राम ते पोतं सोडायचा, नावं वाचायचा आणि ज्याचं पत्र त्याच्या खणात टाकायचा. या कामाला कंपन्या थंड खोलीत कपाटाएवढी यंत्रं ठेवतात, असं नगरहून आलेल्या एका जाणकाराने मामांना ऐकवलं. "हे घरगुती मशीन आहे, मामा. यावर लोक पत्ते खेळतात!" मामांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर संगणकातला पत्त्यांचा खेळ काढून टाकला. "कचेरीत पत्ते? सस्पेंड होतो माणूस," ते म्हणाले. यंत्र रिकामं असलं की पडद्यावर पोहणारे मासेही त्याच दिवशी गेले. कामाच्या वेळेत मासे कशाला?

वीज जायची म्हणून यंत्राला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडलेली होती. तरी आठवड्यातून दोनदा ते थिजायचंच. मग मामा उठून दारावर 'काउंटर तात्पुरता बंद' अशी पाटी लावत, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत आणि पाटी काढत. त्या चार मिनिटांत काउंटरवर कोणी येण्याची शक्यता नव्हती, कारण काउंटरच नव्हता. डाक दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेपाचला. मोडेम किंचाळायला लागला की मामी आतून ओरडत, "आली बगा तुमची यष्टी!"

लोकांनी येऊन पडद्यावर पत्रं वाचावीत, ही कल्पना मामांना असभ्य वाटे. ते प्रत्येक पत्र छापून काढत. पण दुसऱ्याचं पत्र वाचणं हा गुन्हा, म्हणून प्रिंटर करकरत असेपर्यंत ते खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे टक लावून उभे राहत. मग कागद उपडाच उचलायचा, घडी, पाकीट, डिंक, तारखेचा शिक्का आणि भिंतीवरच्या लाकडी खणात रवानगी. वाटप सायकलवरून. तीस पावलांवरच्या माझ्या घरीसुद्धा ते सायकलवर टांग टाकूनच येत आणि घंटी वाजवून वहीत सही घेत. वाटप पाचला संपे, त्यामुळे साडेपाचची डाक दुसऱ्या दिवशी. आणि खणांच्या वर पाटी: 'रविवारी टपाल बंद.'

"मामा, यंत्राला कुठे रविवार कळतो?" मी एकदा विचारलं.

"न्हाई ना कळत, जावईबापू. म्हणून तर माणूस ठेवावा लागतो."

हे किस्से मी मित्रांना रंगवून सांगत असे. एका शनिवारी ते थांबलं.

आमची मुलगी रेवती तेव्हा लग्न होऊन पूर्वेकडच्या एका देशात गेली होती. संध्याकाळी सातच्या बातम्यांत तिच्याच शहराचं नाव आलं. भूकंप. कोसळलेली घरं दाखवली आणि लगेच क्रिकेट सुरू झालं. रात्रभर मी आणि बायको आळीपाळीने फोन फिरवत राहिलो. लागला एकदाही नाही. ई-मेल आठवली ती उजाडताना. मी चपला न घालता मामांकडे गेलो.

त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. ते ओट्यावर चहा पीत होते.

"मामा, यंत्र सुरू करा. रेवतीच्या गावात भूकंप झालाय. तिचं काही आलंय का बघा."

मामांची बशी तोंडाशीच थांबली. ते उठून आत गेले आणि खणांसमोर उभे राहून वर पाटीकडे बघू लागले. मामी लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"आवो, पोरगी धड हाय का न्हाई ते कळंना, अन् तुमी पाटी काय वाचताय?"

"पाटी न्हाई वाचत," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. "जावईबापू, तुमच्या खणात एक पाकीट हाय. काल साडेपाचचं. सोमवारच्या वाटपाला ठेवलं हुतं."

कोणाचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते छापलं जात असताना ते लिंबाकडे बघत होते.

त्यांनी पाकीट काढलं, हात पुढे केला आणि तो मध्येच अडला. चौतीस वर्षं त्या हाताला धरून मागे ओढत होती. मी पाकीट हिसकावणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला.

"तार!" मामा म्हणाले. "टपाल बंद असतं, तार रविवारीपण चालू असती!" त्यांनी वही उघडली, 'तार' असं लिहिलं आणि बोट ठेवलं. "इथं सही करा."

मी केली. ती चौकट सोडून दोन ओळी खाली गेली.

'बाबा, ऑफिसातून लिहिते. खूप हललं, घरातल्या कपबश्या गेल्या, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोन लागणार नाहीत, घाबरू नका.' मी मोठ्याने वाचलं. मामी लाटण्यासकट जमिनीवर बसल्या. मी धावत जाऊन बायकोला सांगितलं आणि परत आलो, तर मामा अंगणात आमच्याकडे पाठ करून सायकलच्या टणक चाकांत हवा भरत होते. पत्र मी घाईत त्यांच्या टेबलावर उघडंच विसरलो होतो. ते त्यांनी उपडं करून ठेवलं होतं.

सोमवारी त्यांनी स्वतःला कारणे दाखवा नोटीस दिली, स्वतःच खुलासा केला, तो असमाधानकारक ठरवला आणि स्वतःला ताकीद दिली. पाटीखाली नवी ओळ आली: 'परदेशचं टपाल तार समजावं.' त्यानंतर सकाळी सहाला, भर जेवणात, रविवारी, केव्हाही दारात घंटी वाजे आणि आरोळी येई, "तार!" आत लिहिलेलं असे की लोणचं संपलं.

पुढे घरोघरी जोडण्या आल्या, खण रिकामे झाले. मग मामाही गेले. त्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती मी त्या दिवशी मोठ्याने वाचली नव्हती: 'मामाआजोबांना म्हणावं, टपाल वेळेत पोचवा.' रेवतीने थट्टेत लिहिलं होतं. मामांना ती मी कधीच दाखवली नाही, आणि टेबलावर उघडी असूनही त्यांनी ती वाचली नाही, याची मला खात्री आहे.

रेवतीची पत्रं आता थेट माझ्या खोलीत येतात, कसलाही आवाज न करता. रविवारी सकाळी रस्त्यावर कोणाच्या सायकलची घंटी वाजली की मात्र माझा हात अजून खिशात पेन चाचपतो.