आजोबांच्या अंगठ्यातली कडी

आमच्या शेजारच्या आजोबांइतका मर्द माणूस इंग्लंडमधल्या आमच्या अख्ख्या वॉटफर्डमध्ये दुसरा नाही, असं खुद्द आजोबांचंच ठाम मत आहे. आजोबा केनियातल्या लुओ जमातीचे. त्यांच्याकडे रंगलेलं गाणं पुरुषाने मध्येच थांबवायचं, तोंड भरून स्वतःची स्तुती करायची आणि मग गायकाला पुढे जाऊ द्यायचं, अशी रीत. वॉटफर्डात थांबवायला गाणं मिळत नाही, म्हणून आजोबा दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये उभे राहतात. "मी, सरोवराकाठचा बैल! माझ्या आवाजाने मासे जागे होतात!" रिसेप्शनिस्ट मान वर न करता म्हणते, "येस डार्लिंग, ब्लड टेस्ट, रूम टू."

त्यांचं वाद्य न्यातिती. आठ तारांचं, बुटक्या स्टुलावर बसून वाजवायचं, आणि पायाच्या अंगठ्यातली लोखंडी कडी लाकडावर आपटत ताल धरायचा. बाईने त्याला शिवायचंही नाही. तिने बाजूला उभं राहून जीभ हलवत उलुलुलु अशी दाद द्यायची. नर्स असलेली त्यांची एकुलती मुलगी लहानपणापासून "शिकवा" म्हणून मागे लागलेली. "तू वाजवणार, मग मी काय स्कर्ट घालू?" हे ठरलेलं उत्तर. यंदा मात्र आजोबांची बोटं थरथरू लागली. सूर अर्ध्यावर तुटे आणि ते तारांना शिव्या घालत. त्यांच्यामागे हे वाद्य मुकं होणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

दसऱ्याला आम्ही बापलेकीला बोलावलं, वाद्यासकट. बायकोने रिवाजाप्रमाणे पेटीची पूजा केली, माझ्या लॅपटॉपची केली आणि त्याच झपाट्यात न्यातितीलाही हळदकुंकू लावून मोकळी झाली.

"बाईचा हात लागला!" आजोबा ताडकन उठले. मुलगी त्यांना खाली बसवू लागली.

बायको कसली घाबरते! तिने पाऊल पुढे करून जोडवी दाखवली. "अहो आजोबा, आमच्याकडे पायात कडी फक्त बायकाच घालतात. तुम्हाला कोणी काही म्हटलं का?"

आजोबा आधी तिच्या पायाकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. शेवटी कडी काढून त्यांनी लेकीपुढे धरली. "बाटलंच आहे आता. वाजव."

लेकीच्या अंगठ्याला कडी सैल झाली, म्हणून तिला पूजेचा दोरा गुंडाळला. दाराआडून ऐकून ऐकून पाठ झालेलं ते गाणं पोरीने अखंड वाजवलं. दाद द्यायला बाई हवी होती. बायकोने प्रयत्न केला तर तिला ठसकाच लागला. मग सरोवराकाठच्या बैलानेच बारीक, चिरक्या आवाजात उलुलुलु केलं.

परवा दवाखान्यात आजोबा पुन्हा उभे राहिले. "मी, त्या वाजवणाऱ्या मुलीचा बाप!" म्हणाले, आणि एवढंच बोलून खाली बसले.