डाव्या चाकाचा बोल्ट

धाकट्या भावाने घरी जोडलेल्या गाडीला अपघात झाला तो त्याने आणलेल्या कच्च्या बोल्टमुळे, असं आमच्या नातेवाइकांत आजवर समजलं जातं. ते खोटं आहे. ते मीच पसरवलं. आता सत्तरी उलटल्यावर दुरुस्तही मलाच केलं पाहिजे.

भाऊ बँकेत होता, पण जीव सगळा यंत्रांत. सुटे भाग मागवून त्याने फ्रीगंज मोहल्ल्यातल्या आमच्या अंगणात दोन माणसांची उघडी गाडी जोडायला घेतली. मी सरकारी इंजिनीअर. रविवारी त्याच्या हाताखाली. "इंजिनीअरसाहेब, पाना पकडो, फोटो मत खिंचाओ," असं तो मला चिडवायचा.

नवरात्रात पुढचे शॉकअप बसवले. गाडी लोखंडी घोडीवर उचललेली, चाकं लोंबती. अशा वेळी शॉकअपचा खालचा बोल्ट नुसता हाताने फिरवून ठेवायचा आणि गाडी जमिनीवर उतरून वजन स्प्रिंगवर बसलं की मग पान्याने कसायचा. अधांतरी कसला तर आतलं रबर पिळवटून फाटतं. अष्टमीच्या संध्याकाळी गाडी उतरवली. उजवा बोल्ट त्याने तिथल्या तिथे कसला. डावा माझ्याकडे होता. तेवढ्यात पाहुणे आले. मी हात धुतले, म्हटलं सकाळी बघू.

सकाळी खंडेनवमी. मी उठायच्या आत बायकोने सगळे पाने धुऊन पाटावर मांडले होते, वर हळदकुंकू आणि झेंडू. दसऱ्याला संध्याकाळी पूजा उतरेपर्यंत आमच्याकडे हत्याराला हात लावत नाहीत. मी पाटाजवळ घुटमळलो तर ती म्हणाली, "अहो, सणाचं तरी ते लोखंड सोडा."

मी सोडलं. शेजारून पाना मागता आला असता. पण मग काम राहिल्याचं भावाला कळलं असतं. हाताने घट्ट फिरवलेला आहे, एवढ्याशा फेरीला काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली.

दसऱ्याला दुपारी सीमोल्लंघनाला गाडी निघाली. भावजय नवी साडी नेसून त्याच्या शेजारी बसली. निघताना भावाने विचारलं, "दादा, डावा कसलास ना?"

"कसला रे. निघ तू."

देवास गेटच्या वळणावर डावा बोल्ट निसटला, पुढचा कोपरा खाली बसला आणि गाडी कठड्यावर आदळली. "अरे, पहले भाभीजी को उठाओ!" म्हणत रस्त्याकडेचे फुलवाले धावले. भावजयीचा खांदा मोडला होता. तो हात आजही तिच्या केसांपर्यंत पोचत नाही.

दवाखान्याच्या बाकावर भाऊ म्हणाला, "बोल्ट सापडला नाही, दादा. कसलेला बोल्ट असा कसा जाईल?"

"तुटला असेल," मी म्हणालो. "तू आणलेला मालच कच्चा असणार."

त्याने मान खाली घातली. गाडी भंगारात गेली. पुढे घरातला नळ गळला तरी तो प्लंबरला बोलवायचा.

भाऊ आता वेगळा राहतो. परवा रामघाटावर आम्ही दोघेच बसलो होतो, तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "उजवा टिकला होता ना?"

"टिकला होता."

"दोन्ही एकाच दुकानातले होते, दादा." तो उठला. "मला सांगून भागणार नाही. तिला सांग. आत्ता चल."

भावजय कोथिंबीर निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली.

"भाऊजी, हात दुखला की मी ह्यांना वाट्टेल ते बोलायचे. किती वेळा तर तुमच्यासमोर."

"हो," मी म्हणालो.

ती आत गेली. तिच्यामागे भाऊही गेला. मला कोणी बसा म्हणालं नाही. मीही बसलो नाही.